आयफोनचं एकच दार : फोर्टनाइट अडकलं त्याआधीचे ५८ दिवस

२७ ऑगस्ट २०२० रोजी ‘फोर्टनाइट’ या खेळाचा नवा सीझन सुरू झाला. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, कॉम्प्युटर आणि अँड्रॉइडवर खेळणारे नव्या सीझनमध्ये गेले. आयफोन, आयपॅड आणि मॅकवर खेळणारे मात्र मागच्याच सीझनमध्ये अडकले, आणि बाकीच्या यंत्रांवरच्या मित्रांबरोबरचा त्यांचा खेळ तुटला. हा खेळ बनवणाऱ्या एपिक गेम्सने पुढे न्यायालयात सांगितलं की आयफोन-आयपॅडवर नोंदणी केलेले खेळाडू ११ कोटी ६० लाख आहेत आणि त्यांतले ६३ टक्के हा खेळ फक्त तिथेच खेळतात. म्हणजे सात कोटींहून जास्त लोकांकडे दुसरी सोयच नव्हती.

कुठे सर्व्हर कोसळला नव्हता, व्हायरस शिरला नव्हता. दोन कंपन्या भांडत होत्या आणि हे भांडण कुठे जाऊन आदळणार हे दोघींनाही दिसत होतं. ज्यांच्या हातात फोन होता त्यांना मात्र कुणी काही विचारलं नाही. खाली दिलेल्या वेळा कॅलिफोर्नियाच्या आहेत. त्या दिवसांत भारताचं घड्याळ त्याच्या साडेबारा तास पुढे होतं.

३० जून : ५८ दिवस आधी

एपिकचे प्रमुख टिम स्वीनी यांनी ॲपलचे प्रमुख टिम कुक यांना ईमेल पाठवला. मागण्या दोन. आयफोनवर पैसे भरण्यासाठी ॲपलखेरीज दुसरी व्यवस्था वापरू द्या, आणि एपिकचं स्वतःचं ॲपचं दुकान आयफोनवर उघडू द्या. हीच मुभा ॲपलने सगळ्याच ॲप बनवणाऱ्यांना द्यावी, अशी आशाही पत्रात होती.

पहिली मागणी पैशांची होती. ॲपमध्ये विकल्या जाणाऱ्या डिजिटल वस्तूवर ॲपल ३० टक्के कमिशन घेत असे. बाजार समितीतली आडत ज्या शेतकऱ्याने भरली आहे त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. दुसरी मागणी अधिक मुळातली होती. आयफोनवर ॲप घालायचं तर रस्ता एकच, ॲपलचं ॲप स्टोअर. संकेतस्थळावरून फाइल उतरवून ॲप बसवणं, दुसऱ्या दुकानातून घेणं, हे सामान्य माणसाला आयफोनवर करताच येत नव्हतं. कमिशन जास्त वाटलं तर दुसरीकडे जाऊ, असं म्हणायला दुसरीकडे काही नव्हतंच.

एक दार असलं की काय होतं, हे त्याच दिवशी भारतात दिसत होतं. २९ जूनच्या रात्री केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली आणि ३० जूनला टिकटॉक ॲपलचं ॲप स्टोअर आणि गूगलचं प्ले स्टोअर या दोन्ही दुकानांतून नाहीसं झालं. त्या बंदीची कारणं वेगळी, तिचा कायदा वेगळा. पण अंमलबजावणीत दोन कंपन्यांनी आपली दारं लावून घेण्याचा वाटा मोठा होता. हे सामर्थ्य दोन खासगी कंपन्यांकडे आहे याकडे आपलं लक्ष तेव्हा गेलं नाही. चीनच्या सीमेवरच्या बातम्यांनी मन व्यापलेलं होतं.

१० जुलै : ४८ दिवस आधी

ॲपलच्या वकिलांचं उत्तर आलं. नकार. योगायोगाने ॲप स्टोअरला त्या दिवशी बारा वर्षं पूर्ण होत होती. १० जुलै २००८ रोजी ते सुमारे ५०० ॲप घेऊन उघडलं होतं.

नकाराचं मुख्य कारण होतं सुरक्षितता. प्रत्येक ॲप आम्ही तपासतो म्हणून आयफोन सुरक्षित आहे. दुसरं दार उघडलं की चोर शिरतील. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. लग्नपत्रिकेच्या नावाने, वाहतुकीच्या ई-चलनाच्या नावाने व्हॉट्सॲपवर ‘एपीके’ फाइल येते, माणूस ती उघडतो आणि बँकेतले पैसे जातात. महाराष्ट्रातली पोलीस ठाणी या तक्रारी रोज ऐकतात. अँड्रॉइडवर बाहेरची फाइल बसवता येते म्हणूनच ही फसवणूक जमते.

तरीही ॲपलचा युक्तिवाद मला पुरता पटत नाही. याच कंपनीच्या मॅक कॉम्प्युटरवर ॲप स्टोअरबाहेरचं सॉफ्टवेअर कधीपासून बसवता येतं. ते आधी ॲपलकडे स्वयंचलित तपासणीला जातं, त्यावर शिक्का बसतो, मग ते कुठूनही विका. तपासणी एकाची आणि विक्री दुसऱ्याची, ही सोय ॲपलने स्वतःच करून दाखवली आहे. २०२१च्या खटल्यात ॲपलचे क्रेग फेडेरिगी यांनी मॅकवरच्या घातक सॉफ्टवेअरचं प्रमाण आपल्याला मान्य नसल्याची साक्ष दिली. असं वरिष्ठ अधिकाऱ्याने आपल्याच मालाबद्दल शपथेवर सांगावं, इतकी आयफोनची तटबंदी ॲपलला मोलाची वाटत होती.

१७ जुलैला स्वीनींनी उलट उत्तर पाठवलं : आम्ही ही लढाई चालू ठेवू. २९ जुलैला कुक आणि आणखी तीन बड्या कंपन्यांचे प्रमुख अमेरिकी संसदेच्या समितीसमोर व्हिडिओवरून हजर झाले आणि ॲप स्टोअरच्या कमिशनवर प्रश्न विचारले गेले. हवा तापलेली होती.

३ ऑगस्ट : २४ दिवस आधी

एपिकने फोर्टनाइटची १३.४० क्रमांकाची आवृत्ती ॲपलकडे तपासणीला दिली. तिच्या आत पैसे भरण्याची एपिकची स्वतःची व्यवस्था दडवलेली होती. ती झोपलेली होती. एपिकच्या सर्व्हरकडून इशारा मिळाला की जागी होणार होती. ॲपलच्या तपासणाऱ्यांना ती दिसली नाही. आवृत्ती मंजूर झाली आणि कोट्यवधी फोनवर उतरली.

एपिकमध्ये या बेताला ‘प्रोजेक्ट लिबर्टी’ म्हणत. वकील नेमले होते, दाव्याचे कागद तयार होत होते, प्रसिद्धीचा आराखडा होता, एक ॲनिमेशनपटही बनत होता. स्वातंत्र्याच्या नावाने चाललेली ही तयारी चोरून केलेली होती, आणि ते मला आजही खटकतं. दुसऱ्या दाराची मागणी रास्त होती. ती घेऊन थेट न्यायालयात जाता आलं असतं, आणि खेळ चालू राहिला असता. एपिकला मात्र ॲपलकडून बाहेर काढलं जाणं हवं होतं, कारण बाहेर काढलेल्याची बातमी होते. न्यायालयाने पुढे हा उघड करारभंग ठरवला.

१३ ऑगस्ट, पहाटे दोनच्या सुमारास : १४ दिवस आधी

भारतात दुपारचे अडीच वाजले होते. स्वीनींचा नवा ईमेल कुक आणि ॲपलच्या इतर वरिष्ठांना गेला. पैसे भरण्याबाबतची ॲपलची बंधनं एपिक यापुढे पाळणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. ईमेल गेला तेव्हा कॅलिफोर्निया झोपेत होतं.

१३ ऑगस्ट, सकाळ

इशारा सुटला. नवं काही डाउनलोड न करता फोनवरच्या खेळात एक नवा पडदा दिसू लागला. १,००० व्ही-बक्स, म्हणजे खेळातलं चलन, घ्यायला गेलं की दोन ओळी. वरच्या ओळीत ॲपलमार्फत ९.९९ डॉलर. खालच्या ओळीत थेट एपिकला, ७.९९ डॉलर. वस्तू तीच, फोन तोच, बोटही तेच.

त्या दोन डॉलरच्या फरकामागे वर्षानुवर्षं झाकलेली एक गोष्ट होती. दुकानाचं कमिशन नेमकं किती, हे आयफोनवर खरेदी करणाऱ्याला कधी दिसतच नव्हतं. ‘आमच्या संकेतस्थळावर हेच स्वस्तात मिळेल’ एवढं एक वाक्य ॲपमध्ये लिहायलाही ॲपलच्या नियमांची बंदी होती. त्या सकाळी काही तास ग्राहकाला दोन भाव शेजारी शेजारी दिसले. हीच सवलत एपिकने प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवरही दिली, आणि तिथलं ३० टक्के कमिशन मात्र निमूट भरलं, हेही नोंदवायला हवं.

दुपारच्या सुमारास

ॲपलने फोर्टनाइट ॲप स्टोअरमधून काढलं. मंजुरी न घेतलेली व्यवस्था एपिकने ॲपमध्ये घातली, ती नियम मोडण्याच्या हेतूनेच घातली, असं कंपनीने सांगितलं, आणि ते खरंच होतं. ज्यांच्या फोनवर खेळ आधीच होता त्यांचा चालू राहिला. नव्याने कुणाला तो घेता येईना, आणि पुढचं कुठलंच अपडेट येणार नव्हतं. वरवर काहीच बदललं नव्हतं. पण फोर्टनाइटसारखा खेळ नव्या सीझनवर जगतो, आणि पुढचा सीझन दोन आठवड्यांवर होता.

बातमी पसरते न पसरते तोच एपिकचा साठाहून अधिक पानांचा दावा उत्तर कॅलिफोर्नियाच्या संघीय न्यायालयात दाखल झाला. नुकसानभरपाई मागितली नव्हती. मक्तेदारी मोडा, एवढीच मागणी.

दुपारी १

भारतात १४ ऑगस्टचा दीड वाजला होता, रात्रीचा. फोर्टनाइटच्या आतच, जिथे मुलं जमतात त्या जागी, एपिकने आपला ॲनिमेशनपट दाखवला. ॲपलने १९८४ साली मॅकिंटॉशसाठी केलेल्या, रिडली स्कॉट यांनी दिग्दर्शित केलेल्या जाहिरातीचं ते विडंबन होतं. मूळ जाहिरातीत एक तरुणी हातोडा फेकून हुकूमशहाचा पडदा फोडते. इथे पडद्यावर सफरचंदाच्या डोक्याचा मालक होता. शेवटी मुलांना ‘फ्री फोर्टनाइट’ या हॅशटॅगखाली लढायचं आवाहन.

खेळायला आलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलांना कंपनीच्या खटल्यात शिपाई म्हणून उभं करणं मला मान्य होण्यासारखं नाही. त्यांचाच खेळ पणाला लावला होता आणि त्यांनाच घोषणा द्यायला लावल्या होत्या.

दुपार कलताना

गूगलनेही फोर्टनाइट आपल्या प्ले स्टोअरमधून काढलं. कारण तेच. एपिकने गूगलवरही त्याच दिवशी दावा ठोकला.

इथून दोन फोनच्या गोष्टी वेगळ्या होतात. अँड्रॉइडच्या खेळाडूने एपिकच्या संकेतस्थळावरून फाइल घेतली, धोक्याच्या सूचना एकेक करून ओलांडल्या, ‘अनोळखी स्रोतांना परवानगी द्या’ हे बटण सेटिंगमध्ये शोधून काढलं, आणि खेळ बसला. सॅमसंगवाल्यांना सॅमसंगच्या दुकानातून मिळाला. हे सोपं होतं असं नाही. या सूचनांना कंटाळूनच एपिक दीड वर्ष बाहेर राहून एप्रिल २०२० मध्ये प्ले स्टोअरवर आली होती. पण दार होतं, जड आणि करकरणारं का होईना.

गूगलविरुद्धच्या दाव्यात भारताचा उल्लेख आहे. वनप्लसच्या फोनवर एपिकचं ॲप आधीपासूनच बसवून देण्याचा करार झाला होता. गूगलने दबाव आणून तो मोडायला लावला आणि भारतापुरताच राहू दिला, असा एपिकचा आरोप होता.

१४ ऑगस्ट : १३ दिवस आधी

ॲपलचं पत्र. करारभंग दुरुस्त करा, नाहीतर २८ ऑगस्टला एपिकची सगळी डेव्हलपर खाती बंद.

‘सगळी’ या शब्दात मोठा धोका होता. अनरिअल इंजिन हे एपिकचं सॉफ्टवेअर वापरून जगभरातल्या लहानमोठ्या कंपन्या आपापले खेळ बनवतात. ‘द मँडलोरियन’ या मालिकेची दृश्यंही त्यावर उभी राहिली. ते एपिकच्याच गटातल्या वेगळ्या कंपनीच्या नावावर, वेगळ्या कराराखाली होतं आणि त्या करारात काहीच मोडलं नव्हतं. तेही आता ओलीस. ज्यांचा या भांडणाशी काडीचा संबंध नाही अशा स्टुडिओंना आपला खेळ आयफोनवर पुढे चालेल का याची धास्ती लागली.

१७ तारखेला एपिकने तातडीचा मनाईहुकूम मागितला. २३ तारखेला मायक्रोसॉफ्टने अनरिअल इंजिन वाचवण्याच्या बाजूने प्रतिज्ञापत्र दिलं. त्याच दिवशी एपिकने फोर्टनाइटमध्ये ‘फ्री फोर्टनाइट’ स्पर्धा भरवून टोप्या आणि फोन वाटले. मधल्या काळात खेळ आधीपासून बसवलेले जुने आयफोन ई-बेवर हजारो डॉलरच्या भावाने विक्रीला लागले होते.

२४ ऑगस्ट : ३ दिवस आधी

दुपारी तीनला सुनावणी, महामारीमुळे झूमवर. न्यायाधीश इव्हॉन गोन्झालेझ रॉजर्स. कुणाचीच बाजू सरळ जिंकणारी नाही, हे त्यांनी सुनावणीतच सांगितलं.

त्याच रात्री आदेश आला. अनरिअल इंजिनला हात लावायचा नाही. ॲपलने इथे गरजेपेक्षा कठोर पाऊल उचललं आहे. फोर्टनाइट मात्र परत आणायचा हुकूम नाही, कारण ही अडचण एपिकने स्वतःवर ओढवून घेतली आहे. लपवलेली व्यवस्था काढा, जुने नियम पाळा, खेळ उद्या परत येईल.

कायद्याने हे बरोबर होतं, आणि खेळाडूंना वाचवायची ती शेवटची संधीही होती. खटला चालू ठेवून एपिकला ती व्यवस्था तात्पुरती काढता आली असती. २०१८ ते २०२० या काळात फोर्टनाइटच्या उत्पन्नापैकी सुमारे ७ टक्केच आयफोन-आयपॅडवरून आलं होतं, असं खटल्यात पुढे आलं. सात टक्के सोडणं कंपनीला परवडणारं होतं. एपिकने नकार दिला. ॲपलनेही निकाल लागेपर्यंत अपडेट चालू ठेवायची तयारी दाखवली नाही.

२७ ऑगस्ट

नवा सीझन, १४.०० ही आवृत्ती. आयफोनवर उरली १३.४०, तीच, जिच्या पोटात ३ ऑगस्टला लपवलेला कोड गेला होता.

२८ तारखेला ॲपलने एपिकचं खातं बंद केलं, आणि ॲप स्टोअरवर ‘पबजी मोबाइल’ या प्रतिस्पर्धी खेळाची जाहिरात झळकवली. काही दिवसांत एपिकने न्यायालयाला सांगितलं की आयफोन-आयपॅडवरचे रोजचे खेळाडू ६० टक्क्यांहून अधिक घटले आहेत.

नंतर

खटला ३ मे २०२१ रोजी ओकलंडमध्ये सुरू झाला. ॲपलने फक्त एपिकला वेगळी सवलत दिली असती तर घेतली असती का, असं विचारल्यावर स्वीनींनी हो म्हटलं. १० सप्टेंबरच्या निकालात दहापैकी नऊ मुद्दे ॲपलच्या बाजूने गेले. थेट घेतलेल्या १ कोटी २१ लाख डॉलरवरचं ३० टक्के कमिशन एपिकला भरावं लागलं. दुसऱ्या दाराची मागणी फेटाळली गेली. स्वस्त भाव बाहेर मिळतो हे ग्राहकाला सांगू देण्याचा हुकूम तेवढा मिळाला. ॲपलने तो पाळताना बाहेरच्या खरेदीवरही २७ टक्के लावले. एप्रिल २०२५ मध्ये त्याच न्यायाधीशांनी हा जाणूनबुजून केलेला अवमान ठरवला, तेव्हा २० मे २०२५ रोजी फोर्टनाइट अमेरिकेत आयफोनवर परतलं. अकरा वर्षांचं मूल तोवर सोळाचं झालं होतं. गूगलविरुद्ध ज्युरीने डिसेंबर २०२३ मध्ये एकमताने एपिकच्या बाजूने कौल दिला.

भारतात हीच ठिणगी लगेच पडली होती. १८ सप्टेंबर २०२० रोजी गूगलने पेटीएम प्ले स्टोअरमधून काढलं. काही तासांत ते परत आलं, पण पैशांचं ॲप दुकानातून गायब झालेलं पाहून लोकांच्या पोटात गोळा आला. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पर्धा आयोगाने प्ले स्टोअरच्या बिलिंगसाठी गूगलला ९३६.४४ कोटींचा दंड केला. मार्च २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो २१६.६९ कोटींवर आणला. मधे १ मार्च २०२४ रोजी मुंबईच्या शादी डॉट कॉमसह अनेक भारतीय ॲप कमिशनच्या वादात प्ले स्टोअरमधून काढली गेली आणि मंत्र्यांनी मध्यस्थी केल्यावर परत आली. मंत्र्यांपर्यंत ज्यांचा फोन पोहोचत नाही त्या लहान ॲपवाल्यांनी काय करायचं? ॲपलची चौकशी आयोगाने डिसेंबर २०२१ मध्येच सुरू केली आहे. ती करताना युरोपचा अनुभव समोर हवा.

युरोपीय संघाच्या कायद्यामुळे मार्च २०२४ पासून तिथे आयफोनवर दुसरी दुकानं चालतात आणि १६ ऑगस्ट २०२४ रोजी एपिकने आपलं दुकान उघडलं. बसवताना इतक्या पायऱ्या आणि इतके इशारे की सुरुवात करणाऱ्यांपैकी ६५ टक्के लोक अर्ध्यात सोडून देत, असं एपिक सांगते. नियामकांच्या दबावानंतर ॲपलने त्या पायऱ्या कमी केल्या तेव्हा हे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांवर आलं. आपल्या आयोगाने कमिशनचा टक्का पाहावाच, पण ‘हे ॲप धोकादायक असू शकतं’ हा पडदा कुणासाठी, किती वेळा आणि कोणत्या शब्दांत येतो, तेही आदेशात लिहून मागावं.